दहा गॅलनसाठी दोन पंप लागत नाहीत

घरी बिअर करणारा माणूस वर्षा-दोन वर्षांत हमखास एका हिशोबाशी येऊन थांबतो. पाच गॅलन, म्हणजे १९ लिटर बिअर करायला सकाळचे पाच-सहा तास जातात. दहा गॅलन करायलाही जवळपास तेवढेच. मग दुप्पटच का करू नये? हिशोब बरोबर आहे. पण त्यापाठोपाठ माणूस खरेदीला निघतो आणि तिथे गाडी घसरते.

मी ओहायोत राहतो. इथे हा छंद कायदेशीर आहे. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने १९७९ पासून घरात एक प्रौढ असेल तर वर्षाला १०० गॅलन आणि दोन किंवा जास्त असतील तर २०० गॅलन बिअर करमुक्त करता येते, फक्त ती विकायची नाही. महाराष्ट्रात परवान्याशिवाय हे करणं दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे, तेव्हा पुण्या-नाशिकच्या वाचकांनी हे नुसतं वाचावं.

मी एकाकडून जुना सेट घेतला होता. लोखंडी स्टँड, तीन टोप, दोन पंप आणि वावभर नळ्या. दिसायला कारखाना! पण त्या पंपांना आधी नळीतली हवा काढून द्यावी लागे. वर्ट, म्हणजे माल्टचा गोड काढा, उकळीच्या जवळ आला की पंपात वाफ धरायची आणि प्रवाह बंद पडायचा. मग नळी सोडा, हवा काढा, पुन्हा जोडा, आणि तेही हातमोजे घालून. दिवस संपताना पंपाचं डोकं उघडून त्यात अडकलेला हॉप्सचा चोथा काढायचा. बिअरच्या चवीत या सगळ्याने काडीचाही फरक पडला नाही. काही महिने वापरला आणि विकून टाकला.

दहा गॅलनमध्ये खरी अडचण वजनाची असते. उकळण्याआधी टोपात बारा गॅलन वर्ट असतो, म्हणजे ४५ किलोच्या वर, आणि तो कडकडीत तापलेला. तो उचलायचा नाही, एवढा एकच नियम पाळला की काय घ्यायचं ते आपोआप ठरतं. टोपाला तळाशी स्टीलचा बॉल व्हॉल्व्ह हवा. भांडी उतरत्या क्रमाने मांडायची, म्हणजे वर्ट आपल्या वजनाने खाली येतो. मजबूत टेबल आणि बुटका बर्नर एवढ्यात भागतं.

टोप १५ गॅलनचाच घ्या. बारा गॅलन उकळताना पहिला फेस दूध उतू जावं तसा वर येतो, त्याला जागा लागते. अ‍ॅल्युमिनियमचा टोप उत्तम चालतो आणि स्टीलपेक्षा बराच स्वस्त पडतो. पहिल्यांदा त्यात नुसतं पाणी उकळा, आतून राखाडी थर धरेल. तो थरच धातूचं रक्षण करतो. आपल्याकडे भांडं घासून चकचकीत केल्याशिवाय चैन पडत नाही. हा टोप मात्र तसा घासायचा नाही. बिअरचे जुने १५.५ गॅलनचे पिंप कापूनही टोप करतात, पण डिपॉझिट भरलं म्हणून पिंप आपलं होत नाही. ते ब्रुअरीचंच असतं, रीतसर विकत घेतलेलं असेल तरच कापा.

मॅशसाठी, म्हणजे भरडलेलं माल्ट गरम पाण्यात मुरवायला, सहलीला नेतात तो चौकोनी कूलर घ्या. पाच टक्क्यांच्या आसपासच्या बिअरला दहा किलोभर भरडलेलं माल्ट लागतं. पाण्यासकट ते ४८ क्वार्टच्या कूलरमध्ये मावतं, ७० क्वार्टचा असला तर जड बिअरही करता येते. गाळणीसाठी नळजोडणीची स्टीलची जाळीदार नळी आणा, आतली प्लास्टिकची नळी ओढून काढा, जाळीचं एक टोक दाबून बंद करा आणि दुसरं कूलरच्या तोटीला आतून जोडा. खर्च काही डॉलर. ६६-६७ अंशांवर तासभर ठेवलं तरी तापमान अंश-दोन अंशच उतरतं. मग पहिला वर्ट काढा, गरम पाणी घालून ढवळा, पुन्हा काढा. झालं.

स्वयंपाकघरातल्या शेगडीवर बारा गॅलनला खळखळून उकळी येत नाही. प्रोपेनचा रुंद पायाचा बर्नर लागतो. थँक्सगिव्हिंगनंतर टर्की तळायचे बर्नर स्वस्तात मिळतात, पण त्यांची बैठक अरुंद असते आणि काहींना ठरावीक मिनिटांनी गॅस बंद करणारा टायमर असतो. तो पाहून घ्या.

पैसे वाचवून जे उरतील ते उकळलेला वर्ट थंड करणाऱ्या तांब्याच्या कॉइलवर घाला. पाच गॅलनची २५ फुटांची कॉइल इथे पुरत नाही. अर्धा इंची, ५० फुटांची घ्या आणि ती चालू असताना वर्ट हलवत राहा. जानेवारीत इथलं पाणी बर्फगार असतं, ऑगस्टमध्ये मात्र कंटाळा येतो.

आंबवायला एक मोठं भांडं घेऊ नका. साडेसहा गॅलनच्या प्लास्टिकच्या दोन बादल्या घ्या. एकीत साधं अमेरिकन एल यीस्ट, दुसरीत बेल्जियन, म्हणजे एकाच मेहनतीत दोन बिअर. काचेचे कारबॉय, म्हणजे मोठे बुधले, टाळा. भरलेला कारबॉय २५ किलोच्या घरात जातो आणि ओल्या हातातून सुटतो. माझ्या एका मित्राच्या तळहाताला त्यापायी टाके पडले.

बाटल्यांचा विचार आधीच करा. दहा गॅलनला शंभरावर बाटल्या धुवाव्या लागतात. पाच गॅलनचे जुने सोड्याचे दोन केग मिळाले तर पंपाचे पैसे तिकडे वळवा.

आणि बर्नर उघड्यावरच लावा. गॅरेजचं दार अर्धं उघडं ठेवून भागत नाही, कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. बाहेर थंडी सोसवत नसेल, तर त्या आठवड्यात बिअर विकत आणा.