खेळाडू असतानाच वकील हो

वकील व्हायचं म्हणतेस, तेही खेळाडूंची वकील. ऐकून बरं वाटलं. पण त्यासाठी आजपासून कबड्डी बंद, असं तुझ्या आईनं ठरवलंय म्हणे. तिथं हा मामा आडवा येणार. माजरी कोलियरीच्या मैदानावर पंचाची शिट्टी फुंकण्यात माझी उमर गेली. खेळाडू किती वेळा मैदानाबाहेर हरतो ते मी पाहिलंय. औषधाच्या दुकानात हरतो, फॉर्मच्या खिडकीवर हरतो, न वाचता केलेल्या सहीत हरतो. नुसत्या वकिलाला हे अशील समोर येऊन रडायला लागलं की कळतं. तुला आधीच ठाऊक असेल.

कॅनडाचा रिचर्ड पाउंड 1960 च्या रोम ऑलिम्पिकमध्ये शंभर मीटर फ्रीस्टाइलच्या अंतिम फेरीत सहावा आला. पुढं माँट्रियलमध्ये वकील झाला, आणि 1999 मध्ये उत्तेजकांविरुद्धची जागतिक संस्था ‘वाडा’ निघाली तेव्हा तिचा पहिला अध्यक्ष. जर्मनीच्या थॉमस बाखनं 1976 ला तलवारबाजीत सांघिक सुवर्ण घेतलं, मग वकिली केली, आणि 2013 मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचा अध्यक्ष झाला. आपल्या देशात बंगळुरूचे नंदन कामत कर्नाटकाच्या ज्युनिअर संघातून क्रिकेट खेळले आणि मग क्रीडा कायद्यात उतरले. विदर्भात मात्र गंमत उलटी. नागपूरचे शशांक मनोहर आधी वकील, आणि त्या वाटेनं क्रिकेटच्या खुर्चीवर गेले, बीसीसीआयच्या आणि पुढं आयसीसीच्याही. मैदानातून काळ्या कोटाकडं जाणारी वाट आपल्याकडं फारशी मळलेली नाही. माजरीच्या पोरीनं मळवली तर बिघडलं कुठं?

आता कामाचं ऐक. इथं सकाळी सरावाला उतरलीस की घशात कोळशाची धूळ जाते. थंडीत खोकला लागतोच. मग कुणीतरी मेडिकलमधून खोकल्याची बाटली आणून देतं. ती बाटली आधी उजेडात धर आणि मागची बारीक अक्षरं वाच. टर्ब्युटालिन असं दिसलं तर झाकण उघडू नकोस. मुंबईच्या पृथ्वी शॉनं 2019 मध्ये नेमकं हेच भोगलं. इंदूरला मुश्ताक अली स्पर्धेच्या वेळी त्याचा नमुना घेतला, त्यात टर्ब्युटालिन निघालं. खोकल्याच्या औषधातून गेलं हे त्याचं म्हणणं बोर्डानंही मानलं, तरी आठ महिन्यांची बंदी बसलीच. या कायद्यात ‘मला माहीत नव्हतं’ म्हटल्यानं शिक्षा कमी होऊ शकते, दोष पुसला जात नाही. शरीरात काय सापडलं त्याला खेळाडू जबाबदार, मग ते डॉक्टरनं दिलेलं असो की मावशीनं. खरंच दमा असेल तर औषधासाठी आधी सवलतीचा अर्ज करायचा असतो. इनहेलरमधल्या काही औषधांना ठरावीक मात्रेपर्यंत मुभा आहे, पण तेच औषध सिरपमधून पोटात गेलं की नियम बदलतो. हे तुझ्या संघातल्या पोरींना तूच समजावून सांग. वकिली तिथूनच सुरू होते.

कधी तुझाच नमुना घेतला तर घाबरू नकोस. डबा स्वतः निवड. ‘ए’ आणि ‘बी’ दोन्ही बाटल्यांवरचे आकडे फॉर्मवरच्या आकड्यांशी स्वतः ताडून बघ. आठवड्यात घेतलेली गोळी, पावडर, काढा, सगळं लिहून दे. काही खटकलं तर शेऱ्याच्या रकान्यात तिथंच लिही, घरी येऊन बोलून उपयोग नाही. नरसिंग यादवचं आठव. तीनदा महाराष्ट्र केसरी झालेला गडी. रिओच्या आधी जेवणात कुणीतरी भेसळ केली असं त्याचं म्हणणं होतं. आपल्या देशातल्या उत्तेजकविरोधी संस्थेनं, ‘नाडा’नं, ते मानलं, ‘वाडा’ अपिलात गेली, आणि 18 ऑगस्ट 2016 ला क्रीडा लवादानं चार वर्षांची बंदी घातली. कुस्ती दुसऱ्या दिवशी होती. भेसळीचा ठोस पुरावा लवादाला दिसला नाही. संशय आला की त्याच दिवशी लेखी तक्रार आणि तिची पोच, एवढं तरी हातात पाहिजे.

तो लवाद स्वित्झर्लंडमध्ये लोझानला आहे, 1984 पासून. अपिलाला साधारण 21 दिवस मिळतात. ऑलिम्पिकच्या काळात तो स्पर्धेच्या शहरातच बसतो आणि निकाल तातडीनं देतो. कुस्तीगीर विनेश फोगटचं वजन शंभर ग्रॅम जास्त भरलं, ती केस तिथंच चालली. नागपुरात वाढलेले हरीश साळवे तिच्या बाजूनं उभे राहिले, तरी 14 ऑगस्ट 2024 ला अर्ज फेटाळला गेला, कारण दुसऱ्या सकाळच्या वजनाचा नियम स्पष्ट होता. लोक हळहळले, मीही हळहळलो. पण तुला वकील व्हायचंय, तर स्पर्धेआधी नियमावली वाचून ठेव. मग धावपटू दुती चंदचा खटला वाच. तिनं बायकांच्या शरीरातल्या टेस्टोस्टेरॉनच्या मर्यादेच्या नियमालाच आव्हान दिलं आणि जुलै 2015 मध्ये तो नियम स्थगित करवला. कुठं नियम पाळायचा आणि कुठं त्यालाच धरायचं, हे या दोन खटल्यांत दिसतं.

तुझ्या आईला पाच टक्के क्रीडा आरक्षणातली नोकरी हवीय. तिचंही चुकत नाही. त्यासाठी प्रमाणपत्राची पडताळणी होते, म्हणून प्रत्येक स्पर्धेचं प्रमाणपत्र, प्रवेशयादी, गुणपत्रक यांची झेरॉक्स एका फाइलीत लाव. नावाचं स्पेलिंग दाखल्यावर आहे तसंच सगळीकडं. पण एक पेच आहे, तो घरात आताच सांग. पूर्ण वेळ पगारी नोकरी आणि वकिलीची सनद एकत्र चालत नाहीत. नोकरी धरलीस तर कोर्टात उभी राहू शकणार नाहीस. माझं मत विचारशील तर पदवी झाली की तीन वर्षांचं एलएलबी कर. चंद्रपूरला शांताराम पोटदुखे विधी महाविद्यालय आहे, रेल्वेच्या पासवर जमतं. सकाळचा सराव सोडू नकोस. नोकरीचं त्यानंतर बघू.

2025 मध्ये संसदेनं राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा केलाय. त्यात महासंघांच्या भांडणांसाठी वेगळं न्यायाधिकरण आहे आणि कार्यकारिणीत खेळाडूंना जागा आहेत. तुझ्या पिढीच्या वकिलांना काम तिथं मिळेल. कायदा इंग्रजीत आहे, कठीण वाटेल. रोज एक कलम वाच.

आणि करार. प्रो कबड्डी आल्यापासून गावोगाव एजंट फिरतात. सोळा-सतरा वर्षांच्या पोराकडून कागदावर सही घेतात आणि वर म्हणतात की आता तू बांधलास. अठराच्या आतल्या पोराचा करार कायद्यानं चालत नाही, 1872 चा कायदा आहे. असा कागद घेऊन कुणी पोरगा तुझ्याकडं आला तर आधी त्याची जन्मतारीख विचार, मग दुखापत झाल्यावर खर्च कुणाचा ते कलम शोध. ते बहुतेक नसतंच. पोराच्या बापालाही बोलावून घे, एजंटानं त्यालाही काहीतरी कबूल केलेलं असतं.