तारा निघाल्यानंतरचे पांढरे डाग

ठाणे पूर्वेकडील कोपरीसारख्या शहरी वस्तीत दातांना तारा लावलेली शाळकरी मुले आता नवलाची राहिलेली नाहीत. तारा काढल्यावर मात्र काहींच्या दातांवर खडूसारखे पांढरे डाग उरतात. ब्रॅकेटभोवती साचलेल्या थरातील जीवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात व त्यामुळे दंतवल्कातील कॅल्शियम आणि फॉस्फेट निघून जाते. ही झीज महिनाभरातही दिसू लागते.

लाळ हे क्षार काही अंशी परत भरून काढते. म्हणून पहिले काही महिने दातांची स्वच्छता व फ्लोराइडयुक्त पेस्ट यांवरच भर द्यावा. दुधातील केसीनपासून केलेली जेलही मिळतात. परंतु साध्या पेस्टहून त्यांचा लाभ अधिक असल्याचे निर्विवाद सिद्ध झालेले नाही. दुधाच्या प्रथिनांची ॲलर्जी असणाऱ्यांनी ती टाळावीत. तीव्र फ्लोराइड स्वतःच्या मनाने लावणे तर मुळीच इष्ट नाही. त्याने वरचा थर बंद होतो आणि आतला डाग कायमचा राहू शकतो.

यवतमाळ, चंद्रपूर भागांत पाण्यातील अतिरिक्त फ्लोराइडमुळे पडणारे डाग निराळे. हा भेद दंतवैद्यानेच करावा. कोपरीकरांना लोकलने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस गाठल्यास शासकीय दंत महाविद्यालयाचे रुग्णालय तेथून जवळच आहे.