स्पर्धेचे पिस्तूल : नळीची निवड कशी करावी?

वैनगंगेच्या काठावरील कारधा हे गाव भंडारा शहराच्या समोरच वसलेले आहे. शहरापासून नागपूरच्या बाजूस जवाहरनगर येथे १९६४ साली आयुध निर्माणी स्थापन झाली आणि दारूगोळ्यासाठी लागणाऱ्या प्रणोदकांच्या निर्मितीमुळे भंडारा जिल्ह्याचे नाव देशाच्या संरक्षण उत्पादनाशी जोडले गेले. नळीतील गोळीला वेग देणारा, नियंत्रित गतीने जळणारा पदार्थ म्हणजे प्रणोदक. हा शब्द या परिसरास परिचयाचा आहे. मात्र प्रणोदकाच्या शक्तीला शिस्त व दिशा देणारी जी नळी, तिच्याविषयीची माहिती निर्माणीच्या कुंपणाबाहेर फारशी पोहोचलेली नाही.

नेमबाजी हा खेळ आता शहरांपुरता राहिलेला नसल्यामुळे ही माहिती असणे अगत्याचे झाले आहे. स्पर्धेचे एक पिस्तूल एखाद्या ग्रामीण शाळेच्या वर्षभराच्या क्रीडाखर्चाहून महाग पडू शकते. चुकीची नळी निवडली गेल्यास पैसा वाया जातोच, शिवाय ज्या विद्यार्थ्यासाठी तो खर्च केला त्याला स्पर्धेच्या दिवशी तपासणीतच बाद व्हावे लागते. म्हणूनच नळीच्या निवडीमागील तत्त्वे शिक्षक, क्रीडा अधिकारी आणि पंचायत सदस्य यांनी समजून घेणे उपयुक्त ठरेल.

महाराष्ट्राची परंपरा

भारतीय राष्ट्रीय रायफल संघटनेची स्थापना १९५१ साली झाली. तिचे पहिले अध्यक्ष लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर हे होते. त्यांचे घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील. राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेपूर्वीची पात्रता स्पर्धा आजही त्यांच्या नावाने भरते. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांच्या निमित्ताने पुण्याजवळ बालेवाडी येथे श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल उभे राहिले आणि राज्यातील नेमबाजांना दर्जेदार मैदान लाभले.

पिस्तूल प्रकारात कोल्हापूरच्या राही सरनोबत यांची कामगिरी विशेष उल्लेखनीय आहे. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी अनिसा सय्यद यांच्यासह २५ मीटर पिस्तूल जोडी प्रकारात सुवर्णपदक मिळविले. २०१३ साली दक्षिण कोरियातील चांगवॉन येथे विश्वचषकाचे सुवर्ण त्यांनी जिंकले आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक पटकावले. रायफल प्रकारात तेजस्विनी सावंत २०१० साली विश्वविजेत्या ठरल्या, तर राधानगरी तालुक्यातील स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविले. हे तिघेही कोल्हापूर जिल्ह्याचे. एका जिल्ह्यात जे घडले ते भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यात घडू शकणार नाही असे नाही. त्यासाठी साधनांची निवड मात्र डोळसपणे व्हावयास हवी.

नळीचे कार्य

काडतुसातील प्रणोदक पेटताच वायू निर्माण होतो आणि त्याच्या दाबाने गोळी पुढे सरकते. नळीच्या आतील पृष्ठभागावर सर्पिल खाचा कोरलेल्या असतात. त्यांत घट्ट बसून पुढे जाताना गोळी स्वतःभोवती फिरू लागते. फिरता भोवरा ज्या कारणाने उभा राहतो त्याच कारणाने फिरती गोळी हवेत डळमळत नाही. ऑलिंपिक पिस्तुलात वापरल्या जाणाऱ्या पॉइंट टू-टू लाँग रायफल काडतुसासाठी खाचांचा एक पूर्ण फेरा साधारणतः १६ इंचांत म्हणजे सुमारे ४०६ मिलिमीटर अंतरात पुरा होतो. पिस्तुलाची नळी जास्तीत जास्त १५३ मिलिमीटर असते. म्हणजे नळीत असताना गोळीचा अर्धा फेराही होत नाही. तरीसुद्धा सेकंदाला ३०० मीटर वेगाने बाहेर पडणारी गोळी त्याच गतीने सेकंदाला सातशेहून अधिक फेरे घेत असते.

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. नळीचे खरे मोल तिच्या लांबीपेक्षा खाचांच्या एकसारखेपणात, काडतूस बसण्याच्या कोठीच्या अचूक मापात आणि मुखाच्या निर्दोष कडेत असते. मुखाच्या कडेला साधा ओरखडा पडला तरी बाहेर पडणाऱ्या गोळीभोवती वायू असमान सुटतो आणि गोळी किंचित भरकटते.

प्रथम स्पर्धा, मग नळी

नळी निवडताना पहिला प्रश्न विचारावयाचा तो असा : खेळाडू कोणत्या स्पर्धेत उतरणार आहे? आंतरराष्ट्रीय नियमांनुसार २५ मीटर पिस्तुलाची नळी १५३ मिलिमीटरपेक्षा लांब असता कामा नये. पुढील माशी व मागील खाच यांतील अंतर २२० मिलिमीटरच्या आत असावे लागते. पिस्तुलाचे वजन १,४०० ग्रॅमच्या मर्यादेत आणि चापावरील भार किमान १,००० ग्रॅम असावा लागतो. संपूर्ण पिस्तूल ३०० × १५० × ५० मिलिमीटर मापाच्या पेटीत मावले पाहिजे. नळीला छिद्रे पाडणे किंवा मुखाशी धक्कारोधक बसविणे या प्रकारात निषिद्ध आहे.

नियम बदलले की नळीही कशी निरुपयोगी होते, याचे उदाहरण रॅपिड फायर पिस्तुलात मिळते. २००४ पर्यंत या प्रकारात पॉइंट टू-टू शॉर्ट हे कमी शक्तीचे काडतूस आणि छिद्रे असलेल्या नळ्या वापरात होत्या. २००५ पासून लाँग रायफल काडतूस व साधी नळी बंधनकारक झाली. त्यामुळे उत्तमोत्तम पिस्तुले एका हंगामात कपाटात गेली. म्हणून जुने पिस्तूल स्वस्तात मिळते एवढ्यावरून खरेदीचा निर्णय घेणे योग्य नव्हे. चालू वर्षाची नियमावली समोर ठेवूनच तपासणी करावी.

नळीचे प्रमुख प्रकार

(१) स्थिर नळी : पॉइंट टू-टू स्पर्धा पिस्तुलांत नळी चौकटीस घट्ट जोडलेली असते आणि केवळ तिच्या मागील ठोकळा धक्क्याने मागे जाऊन परत येतो. नळी हलत नसल्यामुळे माशी व नळी यांचा संबंध कायम राहतो. ऑलिंपिक प्रकारासाठी हीच रचना सर्वमान्य आहे. काही बनावटींत एकाच चौकटीवर पॉइंट टू-टू आणि पॉइंट थ्री-टू अशा दोन व्यासांचे संच बसविता येतात. सेंटर फायर प्रकारातही उतरणाऱ्या खेळाडूस ही सोय होते, कारण मूठ व चाप तेच राहतात.

(२) कलणारी नळी, कड्यासह : अधिक शक्तीच्या काडतुसांत नळी व तिच्यावरील सरकता भाग क्षणभर एकत्र अडकून मागे जातात आणि मग नळीचे मागील टोक खाली कलून सुटते. जॉन ब्राउनिंग यांनी रचलेले व १९११ साली अमेरिकी सैन्याने स्वीकारलेले पिस्तूल हा याचा प्रसिद्ध नमुना होय. खेळाडूच्या मागणीप्रमाणे खास बांधून घेतलेली स्पर्धा पिस्तुले परदेशांत बहुधा याच नमुन्यावर आधारलेली असतात. यात नळीच्या मुखाशी एक कडे असते. प्रत्येक झाडणीनंतर नळी अचूक त्याच जागी परत येणे या कड्याच्या घट्टपणावर अवलंबून असते. कडे झिजल्यास ते एकटे बदलता येते आणि पुढील भाग हलका राहतो, हे या रचनेचे गुण होत.

(३) कलणारी जाड नळी : यात कडे काढून टाकलेले असते आणि नळीच मुखाकडे जाड होत जाऊन सरकत्या भागात थेट बसते. वजन पुढे आल्यामुळे धक्क्याने मुख कमी उसळते व दुसरा नेम लवकर साधतो. सुट्या भागांची संख्याही घटते. उलटपक्षी पिस्तूल साफसफाईसाठी उघडणे किचकट होते, आणि झीज झाल्यास एक कडे बदलून भागत नाही. अचूकतेच्या बाबतीत नीट बसविलेले कडे व नीट बसविलेली जाड नळी यांत फारसा फरक उरत नाही. फरक असतो तो वजनाचा व देखभालीचा.

(४) छिद्रांची किंवा धक्कारोधकाची नळी : १९७६ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय प्रात्यक्षिक नेमबाजी महासंघाच्या खुल्या विभागात ही नळी चालते. वायू वरच्या दिशेने सुटतो व मुखास खाली दाबतो. गोळीचे ग्रेनमधील वजन आणि सेकंदाला फूट या मापातील वेग यांचा गुणाकार करून त्यास हजाराने भागले की त्या स्पर्धेतील शक्तीचा गुणांक मिळतो. १२५ ग्रेनची गोळी १,३०० फूट वेगाने गेल्यास तो १६२.५ येतो, खुल्या विभागातील वरच्या श्रेणीसाठी किमान १६० लागतो. वायू भरपूर असेल तेव्हाच धक्कारोधकाचा लाभ होतो. सौम्य काडतुसाबरोबर तो केवळ वजन व आवाज वाढवितो.

कलणाऱ्या नळीत आणखी एक भेद असतो. काडतूस वर चढण्याचा उतार काही नळ्यांत नळीचाच भाग असतो, तर काहींत तो चौकटीत कोरलेला असतो. पहिल्या प्रकारात काडतुसाच्या बुडास अधिक आधार मिळतो, म्हणून जास्त दाबाच्या काडतुसांसाठी तो सुरक्षित ठरतो. मात्र चौकट त्याच नळीसाठी घडविलेली असावी लागते. एका चौकटीची नळी दुसरीस आपोआप जुळत नाही.

लांबीचा हिशेब

लांब नळी म्हणजे अचूक नळी, असा समज सर्वत्र आढळतो. पिस्तुलाच्या बाबतीत तो अर्धाच खरा आहे. लांबीचा खरा लाभ माशी व मागील खाच यांतील अंतर वाढण्यात आहे. समजा, नेम धरताना माशी एक मिलिमीटर बाजूला राहिली. हे अंतर २२० मिलिमीटर असल्यास २५ मीटरवर गोळी सुमारे ११४ मिलिमीटर चुकेल. १८० मिलिमीटर असल्यास सुमारे १३९ मिलिमीटर चुकेल. २५ मीटरच्या अचूकता लक्ष्यात दहा गुणांचे वर्तुळ ५० मिलिमीटर व्यासाचे असते आणि पुढील प्रत्येक वर्तुळ २५ मिलिमीटरने दूर असते. म्हणजे पहिल्या पिस्तुलावर सहा गुण व दुसऱ्यावर पाच गुण मिळतील.

लांबीने एक गुण वाचला हे खरे; परंतु चार गुण हाताने घालविले हेही तितकेच खरे. चांगली नळी शिकंज्यात धरून तपासली असता गोळ्या दहाच्या वर्तुळात सहज बसतात. त्यापलीकडची चूक बहुतेक वेळा नळीची नसते. शिवाय लांब नळीचे वजन मुठीपासून दूर पडते. ६० गोळ्यांच्या स्पर्धेत पहिल्या ३० गोळ्या सावकाश आणि उरलेल्या ३० प्रत्येकी तीन सेकंदांत झाडाव्या लागतात. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलामुलींचा हात पुढे झुकलेल्या पिस्तुलाने लवकर थकतो. म्हणून मोठ्यांसाठी योग्य ठरलेली नळी मुलांसाठी योग्य ठरेलच असे नाही. मुलांनी पिस्तूल हातात धरून, हात ताणून, मिनिटभर स्थिर ठेवून पाहिल्याखेरीज खरेदी करू नये.

पोलाद आणि काडतुसाची जुळणी

नळ्या क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाच्या किंवा गंजरोधक पोलादाच्या असतात. अचूकतेत दोन्ही सारख्याच उतरू शकतात. पावसाळी दमट हवेत गंजरोधक पोलादाची निगा सोपी जाते, तथापि ते मुळीच गंजत नाही असे मानू नये. पॉइंट टू-टू काडतुसाची शिशाची गोळी मऊ असल्याने नळी हजारो गोळ्यांनंतरही टिकते. नळीचे नुकसान वापरापेक्षा निष्काळजी सफाईने अधिक होते, विशेषतः मुखाच्या बाजूने लोखंडी सळई घातल्यास.

प्रत्येक नळीस एखादे विशिष्ट काडतूस अधिक मानवते. त्यामुळे दोन-तीन बनावटींची, तसेच एकाच बनावटीच्या निरनिराळ्या तुकड्यांची काडतुसे त्याच पिस्तुलातून शिकंज्यात धरून तपासावीत आणि ज्या तुकडीच्या गोळ्या सर्वांत जवळ पडतील तिचाच साठा घ्यावा. नवी नळी घेण्यापूर्वी ही तपासणी केल्यास पुष्कळदा जुनीच नळी पुरेशी असल्याचे आढळते.

कायद्याची मर्यादा

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ प्रमाणे अग्निशस्त्रांची निर्मिती, विक्री, दुरुस्ती वा रूपांतर परवान्याशिवाय करता येत नाही. कलम ६ प्रमाणे नळी आखूड करण्यासही परवाना लागतो. गावातील कुशल लोहाराने किंवा यंत्रशाळेतील कारागिराने सद्भावनेने नळीस हात लावला तरी तो गुन्हा ठरतो, आणि जिवासही धोका संभवतो. २०१९ च्या दुरुस्तीने सामान्य परवानाधारकास दोनच अग्निशस्त्रे ठेवण्याची मर्यादा घातली गेली. नेमबाज खेळाडूंसाठी स्वतंत्र सवलती आहेत. काडतुसे उघडण्याचा प्रयत्न तर कोणीही करू नये. जवाहरनगरच्या निर्माणीत २४ जानेवारी २०२५ रोजी झालेल्या स्फोटात कामगारांचे प्राण गेले. प्रशिक्षित हातांनाही ज्याचा धोका असतो, तो पदार्थ हाताळण्याचे धाडस घरी करावयाचे नसते.

गावपातळीवर सुरुवात

कारध्यासारख्या गावातील शाळेने सुरुवात करावयाची ती १० मीटर हवाई पिस्तुलाने. त्यास प्रणोदक लागत नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार २० ज्यूलपेक्षा अधिक मुखऊर्जा किंवा ४.५ मिलिमीटरपेक्षा अधिक व्यास असलेल्या हवाई शस्त्रांनाच परवान्याची आवश्यकता असते. स्पर्धेची हवाई पिस्तुले या मर्यादेच्या आत येतात. तरीही खरेदीपूर्वी पोलीस ठाण्याशी व जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांशी विचारविनिमय करावा, शस्त्रे कुलपात ठेवावीत, आणि छऱ्यांना पक्का अडथळा असलेल्या व मागून कोणाचीही ये-जा नसलेल्या बंदिस्त जागेतच सराव ठेवावा.

हवाई पिस्तुलांतही लांब व आखूड नळीचे नमुने मिळतात. दहा मीटरच्या लक्ष्यातील दहाचे वर्तुळ अवघे ११.५ मिलिमीटरचे असते. छर्रा अग्निशस्त्राच्या गोळीपेक्षा नळीत अधिक काळ राहत असल्याने चाप ओढल्यानंतरही हात क्षणभर स्थिर ठेवावा लागतो. लहान मुलांना आखूड व हलका नमुना हा स्थिरपणा शिकण्यास अधिक सोयीचा जातो. पुढे प्रगती झाल्यावर, खेळाडूचा प्रकार निश्चित झाल्यावर आणि परवान्याची पूर्तता झाल्यावर २५ मीटर पिस्तुलाचा विचार करणे इष्ट होय.

सारांश, स्पर्धेचा नियम, काडतूस, रचना, लांबी व वजन, पोलाद आणि कायदा या क्रमाने विचार केल्यास निवड सोपी होते. हा क्रम उलटा करून आधी आकर्षक नळी व मग तिच्यासाठी स्पर्धा शोधणे महागात पडते. मर्यादित निधीतून घेतलेले साधे, नियमात बसणारे आणि खेळाडूच्या हातास पेलणारे पिस्तूल, तसेच त्याबरोबर सरावासाठी राखून ठेवलेली छऱ्यांची व काडतुसांची तरतूद, यांतूनच उद्याचा नेमबाज घडेल. खरेदीचा प्रस्ताव मंजूर करणाऱ्या समितीने हा सरावखर्च अंदाजपत्रकात प्रथम लिहावा आणि नळीच्या प्रकाराची निवड त्यानंतर करावी.