परवाना मिळालेल्या भाच्याला

तुझा शस्त्र परवाना मंजूर झाल्याचं तुझ्या आईनं फोनवर सांगितलं, पण तिच्या आवाजात आनंदापेक्षा काळजी जास्त होती. तिची काळजी रास्त आहे. पोलीस मुख्यालयात माझी सगळी नोकरी पोरांना गोळीबार शिकवण्यात गेली. मला जे येतं त्यातलं बरंचसं माझ्या उस्तादांनी कान धरून शिकवलेलं आहे. सराफी पेढी सांभाळणाऱ्या माणसाला त्यातलं जेवढं लागेल, तेवढं तुला लिहितो.

आधी माझं मत स्पष्ट सांगतो. दोन-तीन महिन्यांतून एकदा रेंजवर जाणं आणि आठवड्यातून एक-दोनदा घरी कोरडा सराव करणं जमणार नसेल, तर रिव्हॉल्वर घेऊच नकोस. परवाना हातात आहे म्हणून शस्त्र विकत घेतलंच पाहिजे, असं कुठे लिहिलेलं नाही. शस्त्र नियम 2016 प्रमाणे सुरक्षित हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं, ते तू मिळवलं असशील. त्यात फक्त बाराखडी शिकवतात. वर्षभर कपाटात पडून राहिलेलं शस्त्र ऐनवेळी काढणाऱ्याचे हात थरथरतात, आणि त्या थरथरीत गोळी कुठे जाईल याचा नेम नसतो.

कोरडा सराव कसा करायचा ते नीट समजून घे. तू कानपूरच्या कारखान्याचं .32 रिव्हॉल्वर घेणार आहेस, म्हणून त्याचंच सांगतो. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून ये आणि त्या खोलीचं दार ओढून घे. रिव्हॉल्वरचं तोंड पक्क्या दगडी भिंतीकडे ठेव, कारण पलीकडे माणसं वावरत असलेली पातळ भिंत या कामाची नाही. नळी पुढे मोडून उघड, सहाही घरं डोळ्यांनी बघ आणि मग प्रत्येक घरात करंगळी घालून बघ. डोळा थकला की रिकामंच आहे असं धरून चालतो. करंगळी तसं करत नाही. मग डमी काडतुसं भर, म्हणजे घोड्याची पिन खराब होत नाही. आता नळीवर पुढच्या माशीजवळ एक रुपयाचं नाणं ठेव आणि चाप सावकाश मागे घे. घोडा पडल्यावरही नाणं जागचं हललं नाही, तर तुझं बोट बरोबर चाललंय. नाणं खाली पडलं, तर तू चाप ओढत नाहीयेस, अख्खा पंजा आवळतोयस. घोडा अंगठ्यानं आधी चढवून चाप हलका करायची सवय लावूच नकोस. घाबरलेल्या माणसाच्या हाती हलका चाप म्हणजे नको तेव्हा सुटलेली गोळी. लांब, जड ओढीचाच सराव कर. आणि गोळी झाडायचा निर्णय होईपर्यंत बोट चापावर नाही, वर चौकटीला चिकटलेलं असलं पाहिजे. हे तुझ्या झोपेतही चुकता कामा नये.

1 ऑक्टोबर 2024 ला पहाटे जुहूच्या घरी अभिनेते गोविंदा यांच्या पायात त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्वरची गोळी घुसली, हे तू वाचलं असशील. बाहेरगावी निघायच्या गडबडीत शस्त्र हातातून निसटून पडल्याचं तेव्हा सांगण्यात आलं. जुन्या घडणीच्या रिव्हॉल्वरचा घोडा भरलेल्या घरावर टेकलेला असेल, तर ते पडल्यावर गोळी सुटू शकते. म्हणून अशा शस्त्रात पाचच काडतुसं भरायची आणि घोड्याखालचं घर रिकामं ठेवायचं, ही जुन्या लोकांची रीत होती. तुझ्या शस्त्रात पडल्यावर गोळी न सुटण्याची सोय आहे का, ते दुकानदाराकडून खात्रीनं विचारून घे. त्याला सांगता आलं नाही, तर पाचच भर. निसटणारं शस्त्र हवेत झेलायला कधी जायचं नाही. झेलणाऱ्याचं बोट बहुतेक वेळा चापावरच पडतं. पडू दे, मग उचल.

रेंजबद्दल एक सांगतो. तुला राही सरनोबतचं कौतुक आहे, मलाही आहे. 2018 च्या आशियाई खेळांत 25 मीटर पिस्तुलाचं सुवर्ण आणणारी कोल्हापूरची मुलगी म्हणजे नजर आणि बोट कसं असावं याचा नमुना. वरळीची रेंज असो की बालेवाडीची, तिथे जाऊन पाया जरूर पक्का कर. पण तिथे निशाण जागेवर उभं असतं, उजेड भरपूर असतो, आणि मागे मातीचा बांध असतो. पेढीचं शटर ओढताना यातलं काहीच नसतं.

तिथे काय असतं ते सांगतो. मोटारसायकलवर दोघं येतात. एक उतरतो आणि मूठभर मिरचीपूड डोळ्यांत फेकतो. किंवा रस्त्यात कोणी शेजारून गाडी नेत ओरडतो, "साहेब, ऑइल गळतंय," नाहीतर "खाली नोटा पडल्यात." तू काच खाली करून वाकलास की मागच्या सीटवरची बॅग गेलीच म्हणून समज. यातल्या एकाही प्रसंगात रिव्हॉल्वर उपयोगाला येत नाही. डोळ्यांत मिरची गेलेल्या माणसानं गोळी झाडली, तर ती समोरच्या पानवाल्याला लागेल. म्हणून खरा सराव शस्त्र बाहेर काढण्याआधीचा आहे. शटर ओढण्याआधी रस्त्याच्या दोन्ही टोकांना बघायचं. एकानं कुलूप लावायचं आणि दुसऱ्यानं रस्त्याकडे तोंड करून उभं राहायचं. रोकड नेण्याची वेळ आणि रस्ता रोज तोच ठेवायचा नाही. चिन्ह वेगळं दिसलं तर कुलूप न लावता परत आत जायचं. ओरडायचाही सराव कर. "थांब! मागे हो!" हे पोटातून, मोठ्यानं, लोकांना ऐकू जाईल असं म्हणायचं. पोरांना याची लाज वाटते, पण ओरडल्यानं हल्लेखोर बिचकतो, आणि पुढे साक्ष द्यायला चार माणसं तरी मिळतात.

अंतराचं गणित तुला अंगणात करून दाखवणार आहे. अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीचे पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्युलर यांनी 1983 मध्ये लिहून ठेवलं की चाकू घेतलेला माणूस 21 फूट अंतर साधारण दीड सेकंदात कापतो. साडेसहा मीटरच म्हण ना. तेवढ्यात शर्ट वर करून, शस्त्र काढून, नेम धरता येतो का हे प्लॅस्टिकचं खेळण्यातलं पिस्तूल कमरेला लावून करून बघ. मी गुंडाळलेलं वर्तमानपत्र घेऊन तुझ्यावर धावून येईन. उभ्या जागी राहिलास, तर वर्तमानपत्र तुझ्या पोटाला लागलंच. बाजूला पाय टाकून मध्ये टेबल, गाडी, खांब काहीतरी घेतलंस, तरच वेळ मिळतो. पायांचा सराव हातांपेक्षा जास्त कर. आणि तू रोज जे कपडे घालतोस त्यातच कर. पावसाळ्यात रेनकोटाखाली शस्त्र असेल, तर हात कुठून जाणार, हे घरीच बघून ठेव.

आता कायदा. खासगी बचावाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या कलम 34 ते 44 मध्ये आहे. ती अकरा कलमं वकिलाकडे बसून वाच. जिवाची किंवा गंभीर दुखापतीची वाजवी भीती समोर असेल, तोवरच गोळीचा विचार करायचा. चोर पाठ फिरवून पळाला की तुझी भीती संपली, आणि त्यानंतरच्या गोळीचं उत्तर तुला द्यावं लागेल. दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या 2010 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं बापावर गंडाशाचा वार होताना बंदूक चालवणाऱ्या मुलाला निर्दोष सोडलं. जीव धोक्यात असताना माणसानं बचाव तराजूनं तोलून करावा अशी अपेक्षा नाही, असंही म्हटलं. पण 1980 च्या योगेंद्र मोरारजी खटल्यात गाडीवर दगड आले म्हणून रिव्हॉल्वर चालवणाऱ्याला त्याच न्यायालयानं दोषी धरलं, कारण त्यानं मर्यादा ओलांडली होती. हे दोन निकाल शेजारी ठेवून वाच. बॅगेतल्या सोन्यासाठी गोळी झाडायची नाही. बॅग जाऊ दे. ज्वेलर्स ब्लॉक पॉलिसी असते, तिचा हप्ता वेळेवर भर.

भांडणाचं तर बोलायलाच नको. शस्त्र कमरेला आहे त्यानं रस्त्यावरच्या कुठल्याही बाचाबाचीत आधी माफी मागायची, चूक समोरच्याची असली तरी. शस्त्र नुसतं दाखवणंही गुन्हा आहे. लग्नात किंवा वाढदिवसाला आनंदाची गोळी झाडली, तर 2019 च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. जिथे प्याल्याला हात लागणार आहे तिथे शस्त्र न्यायचंच नाही.

गोळी झाडावी लागलीच, तर 112 ला स्वतः फोन कर. ठिकाण सांग, कोण जखमी आहे ते सांग, आणि शस्त्रधारी तूच आहेस हे सांगून शर्टाचा रंग सांग. पोलीस येण्याआधी शस्त्र जमिनीवर ठेवून दोन पावलं मागे हो. 108 ला बोलाव आणि जखमेवर कापड दाबून धर, जखमी हल्लेखोर असला तरी. तो निःशस्त्र झाल्याची खात्री झाल्यावर त्याचा जीव वाचवणं हे तुझं काम. रिव्हॉल्वरच्या घरांतल्या पुंगळ्या बाहेर काढू नकोस. त्या पंचनाम्यात आणि मग तपासणीसाठी प्रयोगशाळेत जातील.

देखभालीचं थोडक्यात. घाम आणि पावसाळी दमटपणा यांनी लोखंड गंजतं, म्हणून चामड्याच्या होल्स्टरमध्ये शस्त्र रात्रभर ठेवू नकोस. खडकीच्या कारखान्याची, बुडावर के.एफ. असा शिक्का असलेली काडतुसं वापरशील. कमरेला वागवलेली आधी रेंजवर संपव आणि नवी भर, आणि प्रत्येक काडतुसाचा हिशेब वहीत लिही. घरी शस्त्र एका कुलपात, काडतुसं दुसऱ्यात, दोन्ही किल्ल्या तुझ्याजवळ.

निवडणुकीची आचारसंहिता लागली की छाननी समितीच्या आदेशानं अनेकदा परवान्याचं शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करावं लागतं. ते कित्येक आठवडे तू पेढी कशी सांभाळणार आहेस? त्या दिवसांत जी शिस्त पाळशील, तीच बारा महिने पाळ.

आणखी एक, आणि हे मी कुणाला मोठ्यानं सांगत नाही. धंद्यात खोट आली, घरात मृत्यू झाला, मन खचलं, झोप उडाली, तर शस्त्र घरात ठेवू नकोस. परवानाधारक दुकानदाराकडे किंवा पोलीस ठाण्यात जमा करता येतं. कारण विचारलं तर "बाहेरगावी जातोय" म्हण. आणि मला फोन कर, रात्री कितीही वाजता.

पुढच्या रविवारी सकाळी ये. पायात बूट घाल आणि पेढीवर जातोस तेच कपडे घालून ये. शस्त्र अजून घेतलं नसशील, ते बरंच झालं. अंगणात आधी ओरडायचं आणि बाजूला पाय टाकायचं शिकू. रिव्हॉल्वर घ्यायचं की नाही, ते त्यानंतर तुझं तू ठरव.