दोन आरशांमधलं रसायनशास्त्र

‘बारावी सायन्स आहे, पण इंजिनिअरिंग नको म्हणते. रसायनशास्त्र घेऊन पुढे करणार काय?’ असं विचारणाऱ्या पालकांना मी हल्ली एक प्रयोग सांगतो. सोन्याचा अतिशय पातळ थर दिलेले दोन आरसे काही मायक्रोमीटर अंतरावर समोरासमोर बसवायचे आणि फटीत द्रव भरायचा. फटीत मावणाऱ्या अवरक्त लहरीची वारंवारता रेणूतल्या एखाद्या बंधाच्या कंपनाशी जुळली, की वर्णपटात एका शिखराची दोन होतात. प्रकाश आणि कंपन यांची ही संकरित अवस्था म्हणजे पोलॅरिटॉन. धुळीचा कण अडकून आरसे तिरके बसले, तर मात्र सगळं पुन्हा पहिल्यापासून! गंमत म्हणजे या परिणामासाठी बाहेरून प्रकाश सोडावा लागत नाही. रिकाम्या फटीतही असणारं पुंजीय क्षेत्र पुरतं. फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला टॉमस एबसन यांच्या गटाने २०१६मध्ये या युक्तीने एक रासायनिक क्रिया मंदावल्याचं दाखवलं.

आता वाट. बारावीला गणित ठेवा. आयसर या विज्ञानसंस्थांसाठी आयएटी ही प्रवेशपरीक्षा; भुवनेश्वरचं नायसर आणि मुंबईचं सीईबीएस यांच्यासाठी नेस्ट. गावातल्या कॉलेजात बी.एस्सी. केली तरी एम.एस्सी.साठी आयआयटी जॅम आहेच. मोहालीच्या आयसरमध्ये जिनो जॉर्ज आणि बेंगळुरूच्या आयआयएससीत अनूप थॉमस या विषयावर काम करतात; दोघेही स्ट्रासबर्गला काम करून आलेले.

पैशांचं विचारायला लाजू नका. पीएच.डी.ला नेट-जेआरएफ ही शिष्यवृत्ती मिळाली तर २०२३पासून दरमहा ३७ हजार रुपये आणि नियमानुसार घरभाडं. मात्र पाच-सहा वर्षं जातात, नंतर बहुधा परदेशी पोस्टडॉक, आणि प्राध्यापकाच्या जागा मोजक्याच.

शिवाय विषय अजून वादात आहे. क्रियेचा वेग वाढल्याचे काही दावे २०२१मध्ये इतर गटांनी तपासले, तेव्हा त्यांना फरक आढळला नाही. आरशांमुळे क्रियेचा वेग का बदलावा, याचा सिद्धांतही पक्का नाही. ‘तयार उत्तर द्या, मी पाठ करतो’ अशा मुलाला इथे पाठवू नका.

माझं मत विचाराल तर विषयाच्या झगमगाटापेक्षा हाताला काय येतं ते पाहा. पातळ थर चढवणं, निर्वात पंप सांभाळणं, वर्णपट वाचणं, पायथनमध्ये आकडेमोड करणं हे सगळं सेमीकंडक्टर, डिस्प्ले आणि सौर पॅनलच्या उद्योगांतही लागतं. म्हणून गाइड निवडताना त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना गाठा आणि दोनच गोष्टी विचारा: उपकरण स्वतः हाताळायला मिळतं का, आणि तुम्ही आता कुठे नोकरी करता?