छपरातून की दारातून?

कफर्णहूमात दाराशी गर्दी होती, म्हणून चौघांनी छप्पर उकलून पक्षाघाती माणसाला प्रभू येशूसमोर खाली सोडले (मार्क 2:1-12). आपल्या लोह्याकडे वाट अडते ती पायऱ्यांनी. काळ्या मातीचा चिखल व पावसाचे पाणी आत येऊ नये म्हणून आपण जोते उंच घेतो. ते योग्यच; पण व्हीलचेअर वर जाणार कशी? उताराचे प्रमाण 1:12 हवे, म्हणजे 2 फूट जोत्याला 24 फूट लांब उतार. 8 फुटांत उरकलेल्या उतारावर ढकलणाराही घसरतो! 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने सार्वजनिक इमारतींत अशी सोय बंधनकारक आहे. “आम्ही उचलून आणू की!” असे आपण प्रेमाने म्हणतो. उचलल्या जाणाऱ्याला मात्र कुणी विचारत नाही. घर बांधणाऱ्यांनी पाया आखतानाच गवंड्याला उताराची जागा सांगावी. नंतर ती सापडत नाही.