साठोत्तरी प्रयोगशीलता आणि शासकीय माहितीपट

मराठी समीक्षेत 'साठोत्तरी' ही संज्ञा लघुनियतकालिकांच्या चळवळीशी इतकी निगडित झाली आहे की, त्याच दशकात त्याच मुंबईत चाललेला दुसरा प्रयोग तिच्या कक्षेत क्वचितच येतो. 'असो' (१९६३) प्रस्थापितांबाहेर निघाले. हा दुसरा प्रयोग मात्र फिल्म्स डिव्हिजन या शासकीय संस्थेतच घडला. १९६५ मध्ये जाँ भावनगरी पॅरिसहून सल्लागार म्हणून तेथे आले आणि दिग्दर्शकांना काहीशी मोकळीक लाभली.

एस. एन. एस. शास्त्री यांच्या 'आय अ‍ॅम ट्वेंटी' (१९६७) मध्ये स्वातंत्र्याच्या वर्षी जन्मलेले तरुण स्वतः बोलतात; सर्वज्ञ निवेदकाची सद्दी ओसरते. फ्रान्समध्ये जाँ रूश यांनी १९६१ साली सामान्य माणसांना असेच बोलते केले होते. प्रमोद पती यांचा 'एक्स्प्लोरर' (१९६८) निवेदनच नाकारतो. एकमेकींवर आदळणाऱ्या प्रतिमांतून आणि विचित्र ध्वनींतून अर्थ सुचत जातो. मर्ढेकरांची कविता पचविलेल्या वाचकास ही रीत सर्वस्वी परकी वाटू नये.

महत्त्वाचा भेद आस्वादकाचा आहे. लघुनियतकालिक शोधून मिळवावे लागे. मान्यताप्राप्त लघुपट दाखविणे मात्र परवान्याच्या अटीनुसार चित्रगृहांना बंधनकारक होते. म्हणजे यवतमाळच्या प्रेक्षकासाठीही प्रयोगाची वाट तत्त्वतः खुली होती, आणि तीही सक्तीने! (मुख्य चित्रपट सुरू होईपर्यंत बाहेर रेंगाळणारेही पुष्कळ असत.) प्रयोग शोधत जाणारा वाचक आणि तिकिटासोबत प्रयोग पदरी पडलेला प्रेक्षक, यांतील पहिल्याचाच विचार आपल्या साठोत्तरी समीक्षेने प्रामुख्याने केला आहे.